सासऱ्यांच्या आजोबांची तलवार

आमच्या घरात, म्हणजे खरं तर सासऱ्यांच्या घरात, दारातून आत आलं की कोट अडकवायच्या खुंट्या आहेत आणि त्यांच्या बरोबर वर एक तलवार टांगलेली आहे. कोट काढायचा, हात वर करायचा, खुंटी चाचपायची, की नजर तिथे जातेच. पहिल्या हिवाळ्यात मी रोज दचकायचे. नंतर सवय झाली. कशाचीही सवय होते आपल्याला, आणि त्याचाच मला हल्ली फार राग येतो.

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहराच्या कडेला, चढावर हे घर आहे. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही ठरवलं की हिवाळा संपेपर्यंत इथे राहू, सासऱ्यांना एकटं वाटायला नको. हिवाळा संपला आणि त्यांच्या कमरेचं हाड मोडलं. कंबर बरी झाली तोवर आमचा भाड्याचा फ्लॅट सुटला होता. मग छताचं काम निघालं, मग मुलीची शाळा इथलीच झाली. नवऱ्याची नोकरी एर्लांगेनला, तो सोमवारी पहाटे जातो आणि शुक्रवारी उगवतो. जर्मन तो, जर्मन त्याचे वडील, आणि आठवडाभर त्या वडिलांबरोबर राहणारी मी पुण्याची. माझ्या मैत्रिणींना याचं फार हसू येतं. पुण्यात राहून सासू-सासऱ्यांपासून वेगळं बिऱ्हाड केलेल्या सगळ्याजणी, आणि एकत्र कुटुंबात नांदतेय कोण, तर मी, जर्मनीत.

सासऱ्यांना घरात सगळे ओपा म्हणतात, म्हणजे आजोबा. त्यांच्याशी मी जर्मनमध्ये 'तू' असंच बोलते, तशीच इथली रीत आहे. पण लिहायला बसले की हात आपोआप 'अहो-जाहो'वर जातो. माणूस प्रेमळ. बर्फ पडलं की मी बस पकडायला निघायच्या आधी ते पायऱ्यांवर, मी घसरू नये म्हणून, मीठ टाकून ठेवणार. मला सर्दी झाली की न सांगता दाराशी चहाचा थर्मास ठेवणार. वरण-भात आवडीने खाणार, त्यावर लोणी घालून. अशा माणसाचा राग धरून ठेवणं फार अवघड जातं, आणि मला तर तो धरून ठेवायची गरज होती.

एकाच गोष्टीने मात्र माझा जीव घुसमटायचा. इथे खिडक्यांना बाहेरून रोलाडेन असतात, पट्टा ओढला की खडखडत खाली येणारे पडदे. दिवस कलला की ओपा प्रत्येक खोलीत जाऊन ते पार तळापर्यंत ओढतात. फट म्हणून राहू देत नाहीत. हिवाळ्यात तर चहाच्या वेळेलाच घर डब्यासारखं बंद होतं. बाहेर अजून थोडा उजेड असेल, कोणी कुत्रा फिरवत असेल, मुलं सायकली घेऊन परतत असतील, मला काही कळायचं नाही. "कशाला एवढ्यात?" असं मी सुरुवातीला विचारायचे. "शेजारी बघतात," एवढंच उत्तर यायचं. घर त्यांचं, खिडक्या त्यांच्या. मी गप्प बसायला शिकले.

तलवारीबद्दलही फारसं कोणी बोलत नसे. ओपांच्या आजोबांची, आफ्रिकेतली, एवढं मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. सासूबाईंना ती तळघरात टाकायची होती. नवरा तिच्याकडे बघायचंच टाळायचा, जसं लहानपणी आपण भुताच्या झाडाकडे न बघता धावत सुटतो तसं. या देशात कोणाच्या आजोबांनी काय केलं याची चौकशी करायची नाही, हे मला पहिल्याच वर्षी समजलं होतं. मीही केली नाही.

मग माझी आई आली. मुलगी तेव्हा लहान होती, दात पडायच्या वयातली. आई पितृपक्षात विमानातून उतरली आणि नवरात्र तोंडावर आलं म्हणून आल्या आल्या कामाला लागली. तिला घट बसवायचा होता. माती लागणार म्हटल्यावर ओपा उठले. बागेतली माती हा त्यांचा जीव की प्राण. त्यांनी ती चाळून आणली, कुंडीखालची एक पसरट मातीची थाळी दिली, आणि आईने सेंद्रिय मालाच्या दुकानातले गहू त्यात पेरले. आई मराठीत बोलत होती, ते जर्मनमध्ये, आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी राहिले तर मलाच अडगळ झाल्यासारखं वाटलं.

गहू मस्त उगवले. या घरातल्या अंधारामुळे तुरे पिवळेधमक आले, आणि घटाचे तुरे पिवळे येणं म्हणजे वर्ष चांगलं जाणार. आई म्हणाली, "बघ, तुझ्या व्याह्यांचे पडदे कामाला आले."

"माझे नाहीत गं व्याही, तुझे आहेत."

"तेच ते. हुशार आहेत हो गृहस्थ."

खंडेनवमीला ती म्हणाली, "हत्यारं काढ." मी माझा लॅपटॉप काढला, नवऱ्याची ड्रिल मशीन, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, ओपांची झाडं छाटायची कात्री. आईने सगळं पाटावर मांडलं, फुलं वाहिली, आणि मग दाराकडे बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आणि ती गं? एवढी तलवार घरात आहे आणि तिची पूजा नाही?"

"आई, ती त्यांची आहे. असू दे."

"असू दे काय? शस्त्र आहे. वर्षातून एक दिवस तिचा."

आमच्याकडच्या बायकांना कुंकू लावायला फक्त उभी वस्तू लागते. आईच्या माहेरी चावडीपाशी एक दगड आहे. त्यावर इंग्रजीत कोरलंय की पहिल्या महायुद्धात या गावचे इतके लोक साहेबाच्या बाजूने लढायला गेले आणि इतके परत आले नाहीत. बायकांना इंग्रजी येत नव्हतं. दगड उभा होता, म्हणून दर दसऱ्याला त्या त्याला हळदकुंकू लावत आल्या, अजूनही लावतात. साहेब येऊन गेला, त्याचं राज्य गेलं, आणि दगडाला मात्र कुंकवाची पुटं चढली. तेव्हा एका भिंतीवरच्या तलवारीपुढे आई थांबेल, अशी आशा व्यर्थ होती.

ओपांनी स्वतः स्टूल आणून तलवार खाली काढली. आईने लिंबू आणि राख लावून पातं घासलं, पुसलं, पाटावर घटाच्या शेजारी आडवं ठेवलं. आधी हळद, मग कुंकू. वर बाल्कनीतल्या कुंडीतला झेंडू. मग हात जोडले. ओपांनीही बघून बघून हात जोडले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी त्यांना सासूबाईंच्या वेळीही तसं रडताना पाहिलं नव्हतं.

"आजवर कोणी तिला प्रेमाने हात लावला नव्हता," ते म्हणाले. "तुमच्या लोकांना कळतं."

मी ते आईला मराठीत सांगितलं. आई खूश झाली. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला घट उठवल्यावर तिने तुरे खुडून सगळ्यांना दिले. ओपांनी आपला तुरा टोपीत खोवला आणि तसेच बेकरीत गेले.

त्यानंतर दर वर्षी सप्टेंबर लागला की ते विचारायचे, "झेबेलटाग कधी आहे यंदा?" तलवारीचा दिवस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करायचे. शेजारचं जोडपं कॉफीला बोलावायचे, अलुबुखाराचा केक आणायचे. आई तर परत गेली होती, त्यामुळे पूजा माझ्या गळ्यात पडली. मी काही देवभोळी नाही. पुण्यात असते तर मी लॅपटॉपवर एक फूल टाकून ऑफिसला पळाले असते. इथे मात्र मी साडी नेसून, क्वार्कचं, म्हणजे इथल्या चक्क्यासारख्या दह्याचं, श्रीखंड करून, शेजाऱ्यांना घट म्हणजे काय ते समजावून सांगत बसले. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. वर्षभर मी त्या घरात पाहुण्यासारखी वावरायचे, कुठली वाटी कुठल्या कपाटात हे विचारत. त्या एका दिवशी सगळे मला विचारायचे, आता काय करायचं? त्या दिवसापुरतं घर माझं असायचं.

मुलगी तुरा कानामागे खोवून नाचायची. मग ती मोठी झाली, नाचायची थांबली, माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं द्यायला लागली. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हा इतिहासाच्या वर्गात वसाहतींचा विषय निघाला होता. युरोपने आफ्रिका कशी वाटून घेतली, जर्मनीच्या वाट्याला काय आलं, आणि तुमच्या घरात त्यातलं काही उरलंय का, विचारून या, असं शिक्षिकेने सांगितलं होतं. तिने झेबेलटागलाच विचारलं. शेजारी बसलेले, केक कापलेला, तलवार पाटावर, कुंकू ताजं.

"ओपा, त्यांनी या तलवारीने केलं काय?"

नवरा म्हणाला, "अगं, आत्ता नको." पण ओपांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेली गोष्ट होती ती, आणि त्यांनी ती तशीच, लहान मुलाच्या तोंडून यावी तशी सांगितली.

आजोबा पूर्व आफ्रिकेत पलटणीत होते. आज जिथे टांझानिया आहे तिथे. लोक जर्मन राज्याविरुद्ध उठले होते, आणि बंदुकांनी आटोक्यात येत नव्हते, जंगलात पळायचे. तेव्हा हुकूम आला की धान्य नाहीसं करा. त्या गावांत वेताच्या विणलेल्या उंच उंच टोपल्या असत, माणसापेक्षा मोठ्या, बाहेरून माती लिंपलेल्या. आजोबा एका फटक्यात त्या उभ्या चिरायचे. "आणि मग धान्य," ओपांनी हाताने वरून खाली दाखवलं, "सर्रर्र. पाण्यासारखं. आजोबा तो आवाज तोंडाने काढून दाखवायचे. मला तो फार आवडायचा. मी म्हणायचो, परत, परत." मग त्यावर आग लावायचे. मग पुढचं गाव.

शेजारीणबाईंनी आणखी क्रीम वाढून घेतलं.

मी पाटाकडे बघत होते. वेताची, विणलेली, माती लिंपलेली टोपली. त्याला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही, पण मराठीत कणगी म्हणतात. आईच्या माहेरी माजघरात दोन होत्या, शेणाने सारवलेल्या, आणि त्यांना पाय लागला तर आम्हाला नमस्कार करायला लावायचे. कणग्या चिरणारी तलवार आम्ही इतकी वर्षं घटाला खेटून ठेवत होतो. कोवळ्या गव्हाच्या शेजारी. आईने घासूनपुसून, मी साडी नेसून.

मुलगी उठून जिन्यावर गेली. मी तिच्या मागे गेले.

"तुला माहीत होतं?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"नाही. शप्पथ नाही."

"आता माहीत आहे."

तिने एवढंच म्हटलं आणि खोलीचं दार लावलं. पुढचे महिने तिने अभ्यास केला, परीक्षा दिली, बर्लिनच्या विद्यापीठात प्रवेश मिळवला आणि उन्हाळा संपता संपता गेली. मी स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडीत चढताना ती म्हणाली, "ममा, तू जोवर त्या वस्तूला हात जोडतेस तोवर मी त्या घरात पाय ठेवणार नाही. आणि तू मला भेटायला येऊ शकतेस, पण तू येणार नाहीस, कारण ओपा." तिने ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते हवामान सांगावं तसं सांगितलं.

एकुलती एक मुलगी. तिच्या रिकाम्या खोलीतसुद्धा ओपा वेळेवर जाऊन पडदा ओढायचे. मी एकदा जिन्यावर बसून तो खडखडाट ऐकला आणि रडले.

या वर्षी सप्टेंबर लागला. ओपा आता वॉकर घेऊन चालतात, खांदा दुखतो, हात धड वर जात नाही. "झेबेलटाग कधी आहे यंदा?" त्यांनी विचारलं. "यंदा नीट करू. पुढच्या वर्षी मी असेन, नसेन. आणि हे बघ, मी ठरवलंय, तलवार तिला द्यायची. नातीला. आजोबांकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे. माझ्या मुलाला त्यातलं काही कळत नाही. तिची आई तू आहेस. तिला कळेल."

मी फोनवर नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "हो, हो, बघू. म्हातारे आहेत ते. दोन फुलं वाहिलीस तर आफ्रिकेत कोणाचं काय जाणार आहे?"

"माझी मुलगी जाते आहे."

"ती तरुण आहे. येईल."

"तू सांग ना मग त्यांना. तुझे वडील आहेत."

 तो म्हणाला की मीटिंग आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाच्या मीटिंगा मला आता आवाजावरून ओळखू येतात.

शेवटी मी आईला फोन केला. तिला मी वर्षभर काही सांगितलं नव्हतं, तिला वाईट वाटेल म्हणून. आता सगळं सांगितलं. व्हिडिओवर नुसतं तिचं कपाळ आणि पंखा दिसत होता.

"कणग्या?" ती म्हणाली. "आपल्यासारख्या?"

"आपल्यासारख्याच."

"अगं, मग त्यात बियाणं असेल की. खायचं जाळलं ते जाळलं, पण पेरायला काय ठेवलं त्यांना?"

 धान्य जाळल्यावर तिथे जो दुष्काळ पडला त्याबद्दल मी इंटरनेटवर बरंच वाचलं होतं, पण हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"मी घासली गं ती," आई म्हणाली. "माझ्या हाताने. लिंबू लावून." मग पदराने तोंड पुसून एकदम कोरड्या आवाजात म्हणाली, "तू नको करूस पूजा. पण म्हाताऱ्या माणसाला उपाशी ठेवू नकोस. श्रीखंड कर."

खंडेनवमीच्या दुपारी मी पाट मांडला. लॅपटॉप, सुऱ्या, ड्रिल, कात्री, शेजारी घट. ओपा नवा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. शेजारी यंदा येणार नव्हते, मीच नको म्हटलं होतं. मी फुलं वाहिली, हात जोडले, उठले. तलवार खुंट्यांच्या वरच होती.

"आणि आजोबांची तलवार?" ओपांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"स्टूल जिन्याखाली आहे."

"मला माहीत आहे. मी तिची पूजा करणार नाही. आज नाही, यापुढे नाही. तिने लोकांचं धान्य चिरलंय. आमच्याकडे धान्याला पाय लागला तरी नमस्कार करतात. आणि तुमच्या नातीला ती देऊ नका. तिला ती नको आहे."

इतक्या वर्षांत मी त्यांना एवढं लांबलचक कधी बोलले नसेन. माझं जर्मन रागात फार अडखळतं, पण ते त्यांना नीट समजलं.

"तुझ्या आईने केली होती," ते म्हणाले. "तिने हात जोडले होते. मी पाहिलंय."

"तिला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

 मी वाटीत श्रीखंड वाढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते खाल्लं नाही. त्या दिवशी पडदे त्यांनी जरा आधीच ओढले, आणि मी स्वयंपाकघरात दिव्याखाली बसून मुलीला पाटाचा फोटो पाठवला. फोटोत तलवार नव्हती. माझा ऊर भरून आला होता, हे कबूल करायला हरकत नाही. मला वाटलं, ती आता हसेल.

तिचं उत्तर लगेच आलं. "डान हेंग्ट सी या नॉख." म्हणजे अजून टांगलेलीच आहे तर.

दसऱ्याला सकाळी मी खाली आले तेव्हा खुंट्यांच्या वरची भिंत रिकामी होती. क्षणभर मला आशा वाटली. मग मी जेवणाच्या खोलीत गेले. तलवार पाटावर होती. आधी हळद, मग कुंकू, अगदी आईने शिकवलं होतं तसं, फक्त जरा जास्तच. वर झेंडू. घटातले सगळे तुरे त्यांनी खुडले होते. बरेचसे पात्यावर ठेवलेले, एक त्यांच्या टोपीत. ते खुर्चीत बसले होते, उजवा खांदा डाव्या हाताने धरून, दुखण्याने चेहरा पांढरा पडलेला. त्या खांद्याने, त्या स्टुलावर चढून त्यांनी हे कसं केलं असेल ते देव जाणे.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते. कुठे चुकलं असेल तर सांग, अशा आवाजात.

बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. आम्हीच शिकवलं होतं.

त्यांनी डाव्या हाताने दोन तुरे पुढे केले. "एक तुला, एक तिला."

वडीलधाऱ्या माणसाने दिलेला दसऱ्याचा तुरा नाकारायचा नसतो, हेही त्यांना मीच सांगितलं होतं. मी ते घेतले. केसात नाही खोवले, मुठीत धरले. फ्रीजमधला बर्फ रुमालात बांधून त्यांच्या खांद्यावर ठेवला, गोळी दिली, कोट घेतला. पहिल्यांदाच कोट काढताना वर बघायला काही नव्हतं. खिळ्याभोवती भिंतीचा रंग तेवढा वेगळा होता, तलवारीच्या आकाराचा.

बस स्टॉपवर थंडी होती. मी मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं, तुऱ्यांसकट. 

"म्हणजे त्यांना आता तुझी गरज नाही," ती म्हणाली. "ते स्वतः करू शकतात. तू नाही म्हणालीस तरी होतंच. मग तू अजून तिथे का आहेस, ममा?"

मी म्हटलं, "दुपारी त्यांच्या गोळ्या असतात."

माझ्याच कानांना ते ऐकवेना. पण खरं होतं. दुपारी गोळ्या असतात, गुरुवारी डॉक्टर असतो, ते जिना चढता-उतरताना कोणालातरी लक्ष ठेवावं लागतं, आणि बर्फ पडेल तेव्हा पायऱ्यांवर मीठ टाकणारा माणूस तोच असतो.

 मग ती म्हणाली, "आई, ये ना गं." मराठीत. लहानपणानंतर पहिल्यांदा. उच्चार जरा वाकडा, पण 'गं' अगदी माझ्या आईसारखा.

"शुक्रवारी बाबा आले की येते," मी म्हटलं.

"दास झाग्स्ट दू इमर," ती म्हणाली. हे तू नेहमीच म्हणतेस. आणि बस आली.

दिवसभर मी कामावर होते. मधल्या सुट्टीत घरी जाऊन ओपांना गोळ्या दिल्या. तलवार पाटावर तशीच होती, परत टांगायला त्यांचा हात वर जात नव्हता, आणि मी काही तिला हात लावणार नव्हते. संध्याकाळी परत आले तर घर विचित्र दिसलं. मग लक्षात आलं, सगळे पडदे वर आहेत. खिडक्यांतून रस्त्याचा दिवा आत येत होता, समोरच्या घरातली बाई भांडी घासताना दिसत होती.

ओपा अंधारात खुर्चीवर बसले होते. "मला पट्टा ओढवत नाही," ते म्हणाले. "खांदा. तू ओढतेस का, प्लीज?"

मी ओढले. काय करणार होते? दिवाणखान्याचा, जेवणाच्या खोलीचा, त्यांच्या झोपायच्या खोलीचा. वर जाऊन आमच्या खोलीचा. प्रत्येक पट्टा माझ्या हाताने, पार तळापर्यंत, तोच खडखडाट. इतकी वर्षं मी तो आवाज ऐकत आले होते, तो काढायला किती कमी जोर लागतो हे मला माहीत नव्हतं. मुलीच्या खोलीत आले, तिचा पट्टा धरला. खिडकीतून खाली चढ दिसत होता, चढाच्या तळाशी स्टेशनकडे वळणारा रस्ता. कोटाच्या खिशात तुरे होते, दोन्ही, दिवसभरात मलूल झालेले. मी पट्टा न ओढताच सोडला.

खाली आले तर ओपांनी विचारलं, "सगळे झाले?"

"नाही. तिच्या खोलीचा उघडा आहे."

"शेजारी बघतील."

"बघू देत," मी म्हटलं. "आणि शुक्रवारी तुमचा मुलगा आला नाही, तर शेजाऱ्यांनाच गोळ्या द्यायला सांगून ठेवते. मी बर्लिनला चालले आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग पाटाकडे. मग म्हणाले, "कोट जाड घे. तिकडे वारा असतो."